बर्फावरच्या मासेमारीसाठी पॉवर ऑगर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटात थँक्सगिव्हिंग उरकलं की आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते : यंदा तळी कधी गोठणार आणि ऑगर कोणता घ्यायचा. माझं माहेर अलिबागजवळचं. मासे लहानपणापासून ओळखत होते, बर्फ इथे येऊन ओळखायला शिकले. आता नऊ हिवाळे झाले. दर जानेवारीत दोन-तीन नवी कुटुंबं आमच्याबरोबर तळ्यावर येतात आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून काढली आहेत. विस्कॉन्सिन, मिशिगन, नॉर्थ डकोटा किंवा कॅनडात ऑन्टारिओ-मॅनिटोबाकडे राहत असाल, तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. नियम मात्र आपापल्या राज्याचे वाचा.

ऑगर म्हणजे नेमकं काय?

सुताराचं गिरमिट आठवा. ते छातीएवढं उंच आहे आणि टोकाला दोन धारदार पाती आहेत असं समजा. पाती बर्फ तासत खाली जातात आणि वरचा पीळ तो चुरा भोकाबाहेर आणून टाकतो. हाताने फिरवायचा तो हँड ऑगर, इंजिन किंवा मोटर फिरवते तो पॉवर ऑगर. डाळिंबाच्या किंवा आंब्याच्या बागेसाठी खड्डे काढायचं पेट्रोलवरचं यंत्र ज्यांनी गावाकडे पाहिलंय, त्यांना हा प्रकार लगेच कळतो. तत्त्व एकच, फरक पात्यात. मातीच्या ऑगरचे दात उकरतात. बर्फाला रंध्याच्या पात्यासारखी धार लागते. म्हणून मातीचा पीळ तळ्यावर आणून काम होत नाही.

पहिल्याच वर्षी पॉवर ऑगर घ्यावा का?

बहुतेकांना मी थांबा म्हणते. डिसेंबरात बर्फ पाच-आठ इंचांचा असतो. धार चांगली असेल तर सहा इंची हँड ऑगर त्यातून मिनिटभरात पार होतो. किंमत साधारण ५० ते ९० डॉलर, वजन कमी, आणि बॅटरी किंवा पेट्रोलची काळजी नाही. मुलांना घेऊन एका तंबूत तीन-चार भोकांवर बसायचं असेल, तर एवढ्यावर अख्खा हिवाळा निघतो.

चित्र बदलतं ते जानेवारीच्या शेवटी. मिल लॅक्स किंवा लेक ऑफ द वुड्ससारख्या उत्तरेकडच्या तळ्यांवर बर्फ दोन फुटांच्या पुढे जातो. त्यात हाताने तिसरं भोक पाडेपर्यंत घामाने आतले कपडे भिजतात, आणि उणे वीस अंशांत भिजलेला बनियन घालून चार तास बसणं हे नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचं आहे. शिवाय जाणते लोक एका भोकावर दिवसभर बसत नाहीत. फ्लॅशर, म्हणजे खालचे मासे दाखवणारं यंत्र, पाण्यात सोडतात, पाच-दहा मिनिटं बघतात, मासा नसेल तर पन्नास पावलं पुढे नवं भोक. असं करायचं म्हणजे दिवसाला वीस-तीस भोकं होतात. तिथे पॉवर ऑगरला पर्याय नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : मी एका दिवसात किती भोकं पाडणार, आणि किती जाड बर्फात? बाकीची सगळी निवड या उत्तरावरून होते.

मासे मिळवण्याआधी ऑगरचा काय उपयोग?

हा प्रश्न खरं तर मला कुणी विचारत नाही. तरी मी तो घालते, कारण माझ्या लेखी ऑगरचं पहिलं काम बर्फ मोजण्याचं आहे, मासे त्यानंतर.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाची, म्हणजे डीएनआरची मोजमापं पाठ करून ठेवा. चालत जायला किमान ४ इंच (साधारण १० सेंटीमीटर). स्नोमोबिलला ५ ते ६ इंच. लहान मोटारीला ९ ते १०. साध्या पिकअप ट्रकला १३. हे आकडे नव्या, स्वच्छ, टणक बर्फाचे आहेत. वर पडलेलं हिम भिजून पुन्हा गोठतं तेव्हा दुधासारखा पांढरा बर्फ तयार होतो. त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. चार इंचांपेक्षा कमी असेल तर घरी परत.

काठावर सहा इंच लागला म्हणून मध्यावर सहा इंच असेलच असं नाही. झऱ्याचं पाणी, ओढ्याचं तोंड, पुलाखालची जागा, बदकांनी उघडं ठेवलेलं पाणी, या सगळ्यांच्या आसपास बर्फ पातळ असतो. म्हणून दर १५० फुटांवर पुन्हा मोजायचं. सुरुवातीच्या दिवसांत मी हातात पहार घेऊन निघते. इथे तिला स्पड बार म्हणतात, पण आहे ती आपली पहारच. दोन-तीन पावलांवर जोरात मारायची. एका घावात पाणी आलं तर आलेल्या वाटेने मागे फिरायचं. पहार टिकली की ऑगरने भोक पाडून टेप लावायची.

२९ डिसेंबर २०२३ला अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटून वाहत निघाला आणि शंभराहून जास्त मासेमार त्यावर अडकले. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं, पण तो हिवाळा किती उबदार होता हे इथल्या प्रत्येकाला आठवतं. महागडा ऑगर खांद्यावर आहे म्हणून बर्फ जाड होत नाही. गळ्यात आइस पिक (पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायचे टोकदार खिळे), अंगात तरंगणारा सूट किंवा लाइफ जॅकेट, आणि सोबत दुसरं माणूस, हा खर्च ऑगरच्या आधीचा.

सहा, आठ की दहा इंची?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन इंचांचा फरक किरकोळ वाटतो. हिशेब करून बघा. सहा इंची भोकाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, आठ इंचीचं ५०, दहा इंचीचं ७९. म्हणजे आठ इंची भोकासाठी सहा इंचीच्या पावणेदोन पट आणि दहा इंचीसाठी पावणेतीन पट बर्फ कापावा लागतो. बॅटरी त्याच प्रमाणात लवकर उतरते, यंत्र त्याच प्रमाणात मनगटाला झटका देतं, आणि बाहेर काढायचा चुराही तेवढाच वाढतो.

मग मोठं भोक घ्यायचं कशासाठी? मासा वर येताना त्याचं डोकं भोकात वळावं लागतं. क्रॉपी, ब्लूगिल आणि पर्च हे हाताच्या पंजात मावणारे मासे. त्यांना सहा इंच भरपूर झाले. वॉलआय हा इथला मानाचा मासा. चांगला मोठा वॉलआयसुद्धा आठ इंची भोकातून आरामात येतो. दहा इंच लागतात ते मोठ्या नॉर्दर्न पाइक आणि लेक ट्राउटच्या मागे असणाऱ्यांना, किंवा चाकांच्या फिश-हाउसमध्ये दोन-तीन दिवस मुक्काम करून तीच ठरावीक भोकं वापरणाऱ्यांना.

माझा सल्ला सरळ आहे. घरात लहान मुलं आहेत आणि शहराजवळच्या तळ्यांवर ब्लूगिल-क्रॉपी धरायचे आहेत : सहा इंच. वॉलआयसाठी उत्तरेला जाणार : आठ इंच. दोन्ही करणार असाल तरी आठ. नवख्या माणसाने दहा इंची घ्यावा असं कारण मला आजवर सापडलेलं नाही. फ्लॅशरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात सोडायचा भाग) आणि गळाचा दोर एकाच भोकात सोडता येतात का, असंही विचारतात. आठ इंचांत येतात, सहा इंचांतही जमतं, पण मोठा मासा गोल फिरला की दोर गुंततो. त्या वेळी ट्रान्सड्यूसर पटकन वर ओढून घ्यायचा.

भोकं किती मोठी असावीत यावर राज्याराज्यांत मर्यादा आहेत. बाजारात मिळणारे सहा ते दहा इंची ऑगर मासेमारीसाठीच बनवलेले असतात, पण करवतीने भोक मोठं करायचा विचार असेल तर नियमपुस्तिका आधी उघडा.

पेट्रोल, प्रोपेन, बॅटरी, की घरातल्या ड्रिलला लावायचा बिट?

दहा-बारा वर्षांपूर्वी तळ्यावर सकाळी दोन-स्ट्रोक इंजिनांची घरघर आणि निळा धूर असे. आता बहुतेक ठिकाणी शांतता असते, कारण लिथियम बॅटरीने हा धंदा पालटून टाकला. विस्कॉन्सिनमधल्या कंबरलँडचे एस्किमो आणि आयॉन, शेबॉयगन फॉल्सचा जिफी, फिनलंडच्या रापालाकडे असलेला स्ट्राइकमास्टर, ही नावं दुकानात दिसतील. प्रत्येकाकडे आता बॅटरीवरचं काही ना काही आहे.

नव्या माणसाला मी जो मार्ग सुचवते तो आहे ड्रिल आणि बिटचा. घरात १८ व्होल्टची चांगली ब्रशलेस ड्रिल असेल, तर नुसता बिट, म्हणजे मोटर नसलेला ऑगरचा पीळ, घ्यायचा. के-ड्रिल, एस्किमोचा पिस्टल बिट, स्ट्राइकमास्टरचा लाइट-फ्लाइट, हे सगळे याच जातीचे. बिटची किंमत साधारण १०० ते २५० डॉलर. ड्रिलसकट एकूण वजन दहा-बारा पाउंडांच्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या ऑगरच्या निम्म्याहूनही कमी. आणि उन्हाळ्यात ड्रिल डेक दुरुस्त करायला मोकळी.

४० व्होल्टचा स्वतंत्र ऑगर घ्यावा तो वर्षातून दहा-पंधरा वेळा जाणाऱ्यांनी आणि जाड बर्फात खूप भोकं पाडणाऱ्यांनी. दोन्ही हातांत धरायची रुंद मूठ असते, मोटर त्याच कामासाठी बांधलेली असते, आणि उलट फिरवायची सोय असते. भोक आरपार गेलं की ऑगर उलटा फिरवून बर्फाचा लगदा खाली ढकलायचा. झाऱ्याने उपसण्याचं काम निम्मं होतं. किंमत साधारण ४०० ते ७०० डॉलर, वजन पंधरा ते बावीस पाउंड.

कोणती ड्रिल चालेल? आमच्याकडे जुनी एक आहे.

जुनी १२ व्होल्टची असेल तर नाही. टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा बघा. सहा इंची बिटला थोडं कमी चालतं, पण आठ इंचीसाठी निदान ७०० इंच-पाउंडांच्या वर हवा, आणि जास्त असेल तर उत्तम. चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, अर्ध्या इंचाचा. मोटर ब्रशलेस. गियर नेहमी एकवर, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. दोनवर टाकून पळवलं तर मोटर तापून बंद पडते. इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामाचं नाही.

दोन गोष्टी इथे मन लावून वाचा. पहिली : ड्रिलसोबत आलेली बाजूची मूठ लावल्याशिवाय एकही भोक पाडू नका. पातं अडकलं की बिट थांबतो आणि ड्रिल फिरते. एका हाताने धरलेली ड्रिल त्या क्षणी मनगट पिरगाळून टाकते. दुसऱ्या हिवाळ्यात माझं मनगट असंच मुरगळलं आणि महिनाभर पोळ्या लाटता आल्या नाहीत.

दुसरी : ड्रिल उलटी फिरवली की चक सैल होऊ शकतो. आमच्या गटातल्या एका मित्राचा नवा कोरा बिट असाच चकमधून निसटला आणि अठरा फूट पाण्यात गेला. बिटच्या वरच्या टोकाला भोकापेक्षा मोठी चकती असेल तर तो बर्फावर अडकून राहतो. अशी चकती बहुतेक बिटांबरोबर येते किंवा वेगळी मिळते. तिच्याशिवाय बिट वापरू नका. आणि दर दोन-तीन भोकांनी चक हाताने आवळून बघा.

थंडीत बॅटरी किती टिकते?

खोक्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी. कंपन्या बहुधा एकूण इंच सांगतात. समजा १,५०० इंच लिहिलंय. दोन फूट बर्फात त्याची ६२ भोकं होतात. कडाक्याच्या थंडीत, थोड्या बोथट पात्यांनी, मी त्यातली निम्मी म्हणजे तीसच धरते, आणि तेवढीही बहुतेकांना पुरून उरतात.

लिथियम बॅटरीतल्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, त्यामुळे ती रिकामी नसतानाही रिकामी वागते. गरम झाली की बरीचशी ताकद परत येते. उपाय आजीच्या काळातला आहे : ऊब. ड्रिलची बॅटरी मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवते. ४० व्होल्टची मोठी बॅटरी छोट्या कूलरमध्ये, गरम पाण्याच्या बाटलीशेजारी. ज्या कूलरमध्ये उन्हाळ्यात बर्फ ठेवतो तोच हिवाळ्यात बॅटरीला थंडीपासून वाचवतो.

एक चूक कधीही करू नका. गोठलेली बॅटरी आणल्या आणल्या चार्जरला लावायची नाही. शून्य अंश सेल्सियसखाली (३२ फॅरनहाइट) चार्ज केलं तर आत लिथियमचा धातूचा थर बसतो, बॅटरीची क्षमता कायमची जाते आणि पुढे ती धोकादायकही होऊ शकते. घरात दोन-तीन तास राहू द्या, मग चार्जिंग. गराजमध्ये चार्जर ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

पेट्रोलचा ऑगर आता जुनाट झाला का?

जुनाट म्हणणार नाही. तीन फूट बर्फ, दहा इंची भोकं, दिवसभर काम, आणि जवळ वीज नाही, अशा ठिकाणी इंजिन अजून खात्रीचं आहे. पण आपल्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांना त्याची निगा जड जाते. वजन पंचवीस ते पस्तीस पाउंड. दोन-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळायचं, तेही पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात. ५० : १ असेल तर एका गॅलनला साधारण २.६ औंस. साध्या पंपावरच्या पेट्रोलात १० टक्के इथेनॉल असतं. ते महिनोन् महिने कार्ब्युरेटरमध्ये राहिलं की ओलावा धरतं, आतल्या बारीक वाटा बुजतात, आणि डिसेंबरच्या पहिल्या थंड सकाळी दोरी ओढून खांदा दुखतो. मिनेसोटात बोटी, स्नोमोबिल आणि लहान इंजिनांसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं, तेच घ्या.

आणि प्रोपेनचा?

ऑइल मिसळायला नको, पेट्रोलचा वास नाही, कार्ब्युरेटर बुजत नाही. कॅम्पिंगच्या शेगडीची एक पाउंडाची बाटली वर लावली की झालं. जिफीने हा प्रकार लोकप्रिय केला. पण यंत्र जड, आणि कडक थंडीत बाटलीतला दाब पडतो. साध्या दाबाला प्रोपेन उणे ४२ सेल्सियसखाली द्रवच राहतो. त्याच्या जसजसं जवळ जाल तसा वायू कमी सुटतो, शिवाय वापरताना बाटली आपणहून आणखी गार होते. सुटी बाटली गाडीत ऊबेत ठेवावी लागते. मला हा मधला मार्ग कधी आवडला नाही.

तंबूत बसून भोक पाडलं तर चालेल?

पेट्रोल किंवा प्रोपेनने कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. ‘प्रोपेन स्वच्छ जळतो’ हे ऐकून लोक फसतात; त्यातूनही हा वायू निघतो. तंबू उभारण्याआधी बाहेर भोकं पाडा, मग तंबू वर ओढा. बॅटरीच्या ऑगरचा हा मोठा फायदा आहे, तो आतही चालवता येतो. तरी तंबूत हीटर लावणार असाल तर वरची झरोक्याची खिडकी उघडी आणि बॅटरीवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म सोबत. तीस डॉलरच्या आत मिळतो. मुलं आत असतील तर याच्याविना तंबूत शिरू नका.

शेव्हर पाती आणि चिपर पाती यांत फरक काय?

शेव्हर म्हणजे सरळ, वस्तऱ्यासारखं पातं. स्वच्छ बर्फात लोण्यासारखं जातं, बॅटरी वाचवतं. पण वाळूचा एक कण लागला तरी धार जाते. आणि जुनं, अर्धवट गोठलेलं भोक पुन्हा उघडायला गेलात तर ते कडेला अडकून जोरात हिसका देतं.

चिपर म्हणजे दातेरी पातं. बर्फ तासत नाही, फोडतं. थोडं सावकाश, थोडं धडधडत, पण मळकट बर्फ आणि जुनी भोकं दोन्ही सोसतं.

नव्यांना माझं सांगणं : शेव्हर असेल तर जुन्या भोकाच्या नादी लागू नका, फूटभर बाजूला नवं पाडा. पात्यांची जोडी एकदमच बदला, एकच नाही. घरी कानशीने धार लावायचा मोह टाळा, कारण पात्याचा कोन बिघडला की ऑगर बर्फावर नुसता फिरत राहतो आणि खाली जात नाही. दुसरी जोडी घेऊन ठेवली की हंगामाच्या मधे अडचण होत नाही. पाती घेताना कंपनी आणि मॉडेल दोन्ही जुळवा. एकाची दुसऱ्याला बसत नाहीत. आणि ऑगर गाडीत टाकताना पात्यांवर टोपण. इथल्या रस्त्यांवर मीठ आणि वाळू टाकतात, ती बुटांबरोबर गाडीत येते, आणि धारेची खरी शत्रू तीच.

माझी उंची पाच फूट दोन इंच. मला झेपेल का?

मी तुमच्याहून फार उंच नाही, म्हणून हा प्रश्न मला जवळचा आहे. वजनाइतकीच उंची महत्त्वाची. आयते मोठे ऑगर सुरुवातीला, म्हणजे पातं बर्फावर टेकलेलं असताना, छातीच्या वर येतात. वीस पाउंड खांद्याच्या उंचीवर तोलून सुरुवात करणं कठीण. ड्रिल आणि बिटची जोडी इथेही सोपी जाते. दुकानात जाऊन पेटीबाहेर काढून उभा करून बघा. दोन्ही कोपर कमरेच्या आसपास येतात का? मूठ जाड हातमोज्यांसह पकडता येते का? बटण हातमोजा न काढता दाबलं जातं का?

पाडताना पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहा, ओढणी-स्कार्फ आणि जॅकेटची नाडी आत खोचून. वरून दाब देऊ नका. चांगलं पातं स्वतःच्या वजनाने उतरतं. दाबावं लागत असेल तर धार गेली आहे. मुलांना बटण दाबायला द्यायचं असेल तर सहा इंची बिट, आणि मूठ तुमच्या हातात.

एक्स्टेन्शन लागेल का?

मेट्रोच्या, म्हणजे मिनीॲपोलिस-सेंट पॉलच्या आसपास नाही. मार्चच्या तोंडावर लेक ऑफ द वुड्सला जाणार असाल, किंवा हिम साचलेल्या जागी, तर बारा इंचांचा जोड सोबत ठेवा. पीळ पूर्ण आत गेला आणि पाणी लागलं नाही, तर चुरा वर येत नाही आणि ऑगर तिथेच आवळला जातो.

आवाजाने मासे पळतात ना?

आठ-दहा फूट पाण्यात थोडे बिचकतात. म्हणून पोचल्याबरोबर सगळी भोकं एकदम पाडून घ्या, आणि पहिल्या भोकाकडे परत येऊन गळ टाका. तोवर खाली सगळं शांत झालेलं असतं. तीस फूट खोलीवर याची चिंता नको.

सगळ्याच तळ्यांवर पॉवर ऑगर चालतो का?

नाही, आणि हे न कळल्यामुळे लोक दंड भरतात. मिनेसोटाच्या ईशान्येला बाउंड्री वॉटर्स नावाचं संरक्षित अरण्य आहे. तिथे पॉवर ऑगर चालत नाही, बॅटरीचासुद्धा नाही. तिथल्या लेक ट्राउटसाठी जायचं तर हँड ऑगर आणि स्वतःच्या दंडांतली ताकद. त्या शांततेत हाताने पाडलेल्या भोकातून वर आलेला ट्राउट मी विसरलेले नाही.

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेक सगळ्यांना मासेमारीचा परवानाही लागतो. जानेवारीच्या मध्यावर तीन दिवस असे असतात, की पंधरा वर्षांपर्यंतचं मूल सोबत असेल तर मिनेसोटातल्या मोठ्यांना परवान्याशिवाय गळ टाकता येतो. नवी कुटुंबं मी त्याच शनिवारी बोलावते.

पुण्याहून पाहुणे येताहेत, आम्ही विमानाने दुसऱ्या राज्यात जाणार आहोत. ऑगर नेता येईल?

बिट सामानात जातो, पाती नीट झाकून. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची होते. ती टोकं झाकून हातातल्या बॅगेत चालते. ४० व्होल्टची ५ अँपिअर-तासांची बॅटरी १६० वॉट-तासांची मर्यादा ओलांडते, ती प्रवासी विमानात कुठेच चालत नाही. पेट्रोलचा तर विचारही नको. सोपा उपाय : तिथल्या बेट-शॉपमध्ये, म्हणजे गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानात, चौकशी करा. मोठ्या तळ्यांवरचे रिसॉर्ट तुम्हाला बर्फावरच्या गरम शॅकपर्यंत (खोपटापर्यंत) नेऊन सोडतात आणि भोकं पाडूनही देतात.

वापरलेला घ्यावा का?

बॅटरीचा घ्यायचा असेल तर बॅटरी किती जुनी आहे ते आधी विचारा. नव्या बॅटरीची किंमत ऐकून सौदा अनेकदा फसलेला दिसतो. पेट्रोलचा असेल तर यंत्र थंड असताना पोचा आणि तुमच्यासमोर चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन सगळ्यांचंच चालू होतं. हँड ऑगर वापरलेला बिनधास्त घ्या, पाती नवी घाला.

काम झाल्यावर निगा काय?

पाण्याबाहेर काढताच दोन सेकंद हवेत फिरवा, पाणी झटकलं जातं. पाती बर्फावर आपटू नका, त्याने ती वाकतात. घरी आल्यावर टोपण काढून पुसा, सुकू द्या, तेलाचं बोट फिरवा. ओलं टोपण तसंच ठेवलं तर आठवड्यात गंज. मार्चअखेर बॅटरी अर्धी भरून घरात ठेवा, गराजमध्ये नको. पेट्रोलच्या इंजिनाची टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालवा.

निघताना भोकांचं काय करायचं?

झाऱ्याने उपसलेला चुरा भोकाभोवती ढिगासारखा लावा आणि मधे एखादी वाळकी फांदी उभी करा. रात्रीतून वर पातळ कवच धरतं, त्यावर हिम पडतं, आणि सकाळी ते भोक कुणालाच दिसत नाही. दहा इंची भोकात मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो, लहान मुलाचा पूर्ण जातो. मी मुलांना याच कामाला लावते. गाडीकडे जाताना प्रत्येकाने आपापल्या भोकावर फांदी लावायची, आणि सगळ्यांत धाकट्याने ती मोजायची.